रहोबोथवाल्या प्रेमिलाबाई

नागपुरात जरीपटक्याचा बाजार मागे टाकून नाऱ्याकडे निघालं की डाव्या हाताला एक गल्ली लागते. गल्लीतल्या घरांची नावं आपली नेहमीचीच, 'मातृछाया', 'तक्षशिला', 'साईकृपा'. शेवटच्या घरावर मात्र संगमरवराच्या तुकड्यावर 'रहोबोथ' असं कोरलेलं आहे, आणि त्या नावापाशी कुरिअरवाल्याची जीभ हमखास अडखळते. मग तो फाटकाशी उभा राहून नुसतंच 'मॅडम' म्हणून हाक मारतो. आतून प्रेमिलाबाई येतात, एक हात कंबरेवर, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. चर्चच्या मंडळीत त्यांना आडनावाने कोणी ओळखत नाही. तिथे माणसाला घराच्या नावाने ओळखायची रीत आहे. बेथेलवाले काका, एबनेजरवाली मावशी, तशा या रहोबोथवाल्या बाई.

नाव मोठं ऐटदार, पण बाई थकलेल्या. हे थकणं आजचं नाही. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून उमेदीची सगळी वर्षं गेली. पेशंटला कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, गरम पाण्याच्या बादल्या खालून वरच्या वॉर्डात न्यायच्या. घरी आल्यावर पुन्हा पाणीच. रिटायर झाल्या तेव्हा मंडळीने शाल दिली आणि चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं की आता बाईंनी आराम करावा. आराम कसा करतात हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. रिकामे बसले की हात दुखायला लागायचे.

नावाचा हौशी होता त्यांचा नवरा, प्रेमानंद. कळमन्याच्या बाजारात तोलाईचं काम करायचा. दिवसभर धान्याची पोती काट्यावर चढवायची आणि संध्याकाळी चष्मा लावून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत बसायचं. त्यातही त्याला गावांच्या नावांचा नाद. बेथेल म्हणजे देवाचं घर, बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, मारा म्हणजे कडू पाणी. पाळकांना गाठून तो इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेतले अर्थ विचारायचा आणि घरी येऊन बायकोला ऐकवायचा. महिन्याच्या शेवटी डब्यात पीठ खाली गेलं की गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, आज काही आपण बेथलेहेमात नाही. बाईंना तेव्हा हसू यायचं आणि रागही यायचा.

लग्न होऊन त्या सावनेरकडून आल्या तेव्हा सासरचं घर जुन्या वस्तीत होतं. थोरला दीर आनंदराव, त्याची बायको सिंधूताई, आणि हे दोघं. नळाला पाणी पहाटे यायचं आणि उजाडायच्या आत जायचं. प्रेमानंदने आपल्या पगारातून मागच्या अंगणात बोअर मारून घेतली. मशीन घरघरत होतं तेव्हा कामवाल्या लोकांचा स्वयंपाक बाईंनी केला. बाहेर पडलेला चिखलही घमेल्याने त्यांनीच उपसला, तोसुद्धा पोटात अंकित असताना. पाणी गोड लागलं. उन्हाळा सुरू झाला, कूलर लागले, आणि त्या गोड पाण्यावरून घर कडू झालं. आनंदराव म्हणाला, जमीन बापाची, तर पाणी थोरल्याचं. एक दिवस मोटरच्या पेटीला कुलूप दिसलं. किल्ली सिंधूताईच्या पदराला होती.

बाई जावेकडे गेल्या आणि म्हणाल्या, निदान पोरासाठी दोन बादल्या सोडत जा. सिंधूताई तांदूळ निवडत होती. ताटातून मान वर न करता ती म्हणाली, "प्रार्थना करून सांगतो."

हे वाक्य ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं थांबायला हवं. मंडळीत कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. कोणी सोयरीक आणली, वर्गणी मागितली, पाहुणा ठेवायला विचारलं, आणि मनात नसलं की माणूस म्हणतो, प्रार्थना करून सांगतो. मग ना तो सांगत, ना समोरचा पुन्हा विचारत. अगदी लहान पोरालासुद्धा कळतं की विषय संपला. देवाचं नाव मध्ये असल्यामुळे कोणाला रागावताही येत नाही. इतकी सोयीची नकारघंटा दुसऱ्या कुठल्या समाजात असेल असं वाटत नाही. बाईंना सासरी आल्यावर ही रीत कळली ती त्या दिवशी, जावेच्या तोंडून. महिन्याभरात दोघांनी बिऱ्हाड हलवलं.

त्यानंतर मंडळीच्या आवारातली एक क्वार्टर मिळाली. तिथे बुजलेली जुनी विहीर होती. लोक तिच्यात राख आणि केरकचरा टाकत. प्रेमानंदच्या डोक्यात आलं की ही साफ करायची. दोन उन्हाळ्यांतल्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. तो आत उतरायचा, बाई वरून दोर ओढायच्या. अखेर पाणी लागलं तशी क्वार्टरला किंमत आली. कमिटीत दोन पार्ट्या होत्याच, दोघांनाही आता आपापला माणूस तिथे बसवायचा होता. भांडण वर्षभर चाललं. मग प्रेमानंद एका रविवारी घरी येऊन म्हणाला, चल, आपण निघू. बाईंनी भांडी पोत्यात भरली. भांडी भरताना आपण किती वेळा निघायचं असं त्यांनी विचारलं, पण तो तोवर ट्रॉलीवाल्याला बोलवायला गेला होता.

मग हा नाऱ्याकडचा प्लॉट. तेव्हा आजूबाजूला बाभळी होत्या आणि रस्त्याचा पत्ता नव्हता. बोअरला पाणी लागलं, कोणी भांडायला आलं नाही, कारण भांडायला कोणी शेजारीच नव्हतं. प्रेमानंदला नाव सुचायला वेळ लागला नाही.

घरार्पणाच्या दिवशी मांडव टाकला होता. पाळकसाहेबांनी नावाची कथा सांगितली. बायबलातला इसहाक गराराच्या खोऱ्यात राहायला आला. त्याच्या बापाच्या वेळच्या विहिरी तिथल्या लोकांनी हेव्याने माती टाकून बुजवल्या होत्या. त्याने एक नवी विहीर खोदली तर तिथले गुराखी म्हणाले, पाणी आमचं. त्याने तिला नाव दिलं एसेक, म्हणजे कज्जा, आणि पुढे गेला. दुसरी खोदली, तिच्यावरूनही तंटा झाला. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडलं नाही. तिचं नाव त्याने रहोबोथ ठेवलं, की आता आपल्याला ऐसपैस जागा मिळाली. पाळकसाहेब अभ्यासू होते. त्यांनी सांगितलं की या शब्दाचं मूळ रुंदीत आहे. रस्त्याला आणि चौकाला इब्रीत जो शब्द आहे तोही याच घराण्यातला. ठिकाण कुठलं, तर बैर-शेबा या जुन्या गावाच्या नैर्ऋत्येला वाळवंटात काही पडझड झालेल्या भिंती आहेत, एक फार खोल जुनी विहीर आहे, आणि तिथल्या अरबी नावात या नावाचा आवाज उरलाय असं म्हणतात. खात्री मात्र कोणी देत नाही. मग त्यांनी इसहाकाच्या सोशिकपणाची स्तुती केली. भांडला नाही, सोडून दिलं, पुढे गेला. प्रेमानंदचे डोळे भरून आले होते.

बाई मागच्या खिडकीपाशी पातेल्यात मटण हलवत ऐकत होत्या. पाळकसाहेबांनी शास्त्र वाचलं त्यातला एक शब्द त्यांच्या कानांनी पकडला. इसहाकाच्या चाकरांनी विहीर खोदली. चाकरांनी. नाव ठेवलं मालकाने, सोडून दिलं मालकाने, आणि दर वेळी नवी जमीन फोडायला कुदळ घेऊन उभे कोण, तर ते. मालकाच्या सोशिकपणाचे फोड त्यांच्या हातांवर. बाईंनी डाव कडेला आपटून साफ केला आणि पुन्हा हलवायला लागल्या. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि प्रेमानंदला तर नाहीच. त्याचा आनंद खरा होता. पुढच्याच हिवाळ्यात तो छातीत दुखून गेला.

तेव्हापासून बाई एकट्या. अंकित रायपूरला नोकरीत, रविवारी उपासनेनंतर फोन करतो. मधूनमधून म्हणतो की घर काढून टाक आणि इकडे ये. बाई ऐकून घेतात. आता पुन्हा भांडी पोत्यात भरायची नाहीत, इतकं एकच त्यांनी मनाशी धरलेलं आहे. या घरात त्यांना कोणासाठी काही उचलावं लागत नाही. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे बोअर. पुढच्या खोलीत कूलर आहे, पण त्या तो संध्याकाळीच लावतात, कारण टाकी भरायची म्हणजे मागून पाणी आणावं लागतं. दुपारच्या उकाड्यात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसून राहतात. या एकटेपणाबद्दल लोक हळहळतात. बाईंना मात्र ती आयुष्यातली पहिली मिळकत वाटते.

यंदा चैत्र संपता संपता सिंधूताईचा फोन आला. मधल्या वर्षांत दोघींची भेट व्हायची ती मयतीत नाहीतर नाताळच्या गर्दीत, 'सलाम' म्हणण्यापुरती. आनंदराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. सिंधूताईच्या मुलाने जुनं घर बिल्डरला दिलं होतं. इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या जागेत राहायचं होतं, आणि भाड्याच्या जागेत सगळ्यांची सोय झाली, आई सोडून. तिला आळीपाळीने नातेवाइकांकडे ठेवत होते. फोनवर सिंधूताईने फार फिरवून विचारलं की पावसाळ्यापर्यंत तुझ्याकडे राहू का.

बाईंनी म्हटलं की प्रार्थना करून सांगते.

फोन ठेवल्यावर त्यांना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या बाईने हे वाक्य शिकवलं तिलाच ते परत गेलं होतं. दिवसभर त्या जरा ताठ चालल्या. संध्याकाळी कूलरची टाकी भरताना मात्र कंबरेत चमक आली आणि ताठपणा तिथेच राहिला.

आठवड्यानंतर, ऊन डोक्यावर असताना, फाटकाशी ऑटो थांबला. सिंधूताई उतरली. हातात एक रेग्झीनची बॅग, डोक्यावर पदर, आणि पायांत मुलाच्या जुन्या चपला. ऑटोवाल्याने बॅग फाटकाच्या आत ठेवली आणि गेला. सिंधूताई तिथेच उभी राहिली. ती किल्ली बांधणारी बाई कुठे गेली असेल असं वाटावं, इतकी ती आटली होती. नागपूरच्या मे महिन्यात दारात आलेल्या माणसाला परत पाठवायला दगडाचं काळीज लागतं. बाईंकडे ते नव्हतं, आणि आपल्याकडे ते नाही याचाच त्यांना संताप आला.

त्यांनी तिला पुढच्या खोलीत बसवलं. माठातलं पाणी दिलं. सिंधूताई दोन ग्लास एका दमात प्यायली. बाई समोर मोढ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, मी तर प्रार्थना करून सांगते म्हटलं होतं.

"मले मालूम आहे त्याचा अर्थ," सिंधूताई म्हणाली. "मीच तं शिकवला तुले. पण मले दुसरं दार नव्हतं वं."

बाईंची भांडायची तयारी झाली असती, रडायलाही जमलं असतं. हे सरळ बोलणं त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्या उठल्या आणि उगीच खिडकीचा पडदा सारखा केला. मागून सिंधूताई हळूहळू बोलत राहिली. घर पाडलं तेव्हा ती समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून पाहत होती. भिंती पडल्या, चिंचेचं झाड पडलं. शेवटी जेसीबीवाल्याने मागचं अंगण सपाट केलं.

"तुमच्या बोअरमंदी त्याईनं मलबा टाकला, प्रेमिला. चांगलं पाणी होतं. बुजवून टाकलं."

तुमच्या बोअरमध्ये. ज्या पाण्यासाठी घर सुटलं, ज्याच्या चिखलाची घमेली बाईंनी वाहिली, ते पाणी तुमचं होतं असं त्या घरातलं कोणी आज पहिल्यांदा म्हणालं, आणि तेही बुजल्यावर. प्रेमानंदने हे ऐकायला हवं होतं. तो ऐकून खुश झाला असता, लगेच माफ करून मोकळा झाला असता, आणि जावेसाठी चहा टाकायला बायकोलाच सांगितलं असतं. बाईंना त्याची फार आठवण आली आणि त्याचा रागही आला.

माफ केलं असं त्यांना वाटलं नाही. आत शोधलं तर तिथे नुसता थकवा होता. राग जपायलाही अंगात बळ लागतं, ते आता उरलं नव्हतं. पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती बळ नसतानाही उभी होती.

"राहा," त्या म्हणाल्या. "पण एक सांगतो, जाऊबाई. मी आता कोणासाठी पाणी भरणार नाही. आणि या घरातून मी कुठी जाणार नाही. तुमचं माझं पटलं नाही तं जायचं तुम्ही."

सिंधूताईने मान हलवली. थोड्या वेळाने तिने विचारलं की दारावर ते काय नाव आहे, आणि त्याचा अर्थ काय. आनंदराव असताना घरार्पणाला ते लोक आलेच नव्हते. बाईंनी कथा सांगितली, पण पाळकसाहेबांसारखी नाही. त्यांनी गुराख्यांचं भांडण आणि इसहाकाचं मोठेपण दोन वाक्यांत उरकलं आणि चाकरांवर आल्या. पहिली विहीर खोदली, सोडली. दुसरी खोदली, सोडली. मग तिसरी. प्रत्येक वेळी तेच खाली उतरले असतील, तेच माती वर काढत असतील. बोलताना त्यांच्या लक्षात आलं की ही गोष्ट आपण आजवर एकाही माणसाला सांगितली नव्हती.

"मंग जागा भेटल्यावर ते चाकर काय करून राहिले?" सिंधूताईने विचारलं.

"त्यायचं काही लिहिलं नाही," बाई म्हणाल्या.

दुपारी दोघींनी वरण-भात खाल्ला. सिंधूताईने वरणात मीठ कमी असल्याचं सांगितलं, म्हणजे ती फार काही बदललेली नव्हती. बाई ताटं धुऊन मागच्या खोलीत गेल्या, फरशीवर चटई टाकली आणि टॉवेल ओला करून डोक्यावर ठेवला. खोली तव्यासारखी तापलेली. जावेला इतक्या उन्हात कूलर लागेल, हे त्यांना कळत होतं. टाकी रिकामी आहे हेही कळत होतं. दवाखान्यातली इतक्या वर्षांची सवय अंगात होती, वॉर्डात कोणी नुसतं कण्हलं की पाय आपोआप जमिनीला लागायचे. आताही गुडघा दुमडला गेला. बाईंनी तो पुन्हा सरळ केला. आपण सांगून टाकलंय, त्या स्वतःला म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने मागचं दार करकरलं. बोअरची मोटर सुरू झाली, बंद झाली. मग बादलीच्या कडीचा आवाज आला आणि त्याच्या मागून सिंधूताईचं कण्हणं. तिला भरलेली बादली उचलत नव्हती हे बाईंना आवाजावरून समजलं. अर्ध्या बादलीचा आवाज वेगळा असतो. ती दोन पावलं चालायची, बादली टेकवायची, दम घ्यायची, पुन्हा उचलायची. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत जाईपर्यंत तिने तीनदा बादली टेकवली असेल. मग मगाने टाकीत पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला. एक मग टाकीत, अर्धा बाहेर. ती स्वतःशीच कूलरला शिव्या देत होती, की याचं झाकण कोणत्या गाढवाने बनवलं.

बाई कोपरावर उठल्या होत्या. किती वेळ त्या तशा अर्धवट उठून राहिल्या कोण जाणे. त्या जन्मल्यापासून त्यांच्यासाठी कोणी पाणी भरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आईच्या घरी थोरली मुलगी म्हणून त्याच भरायच्या, पुढे सगळीकडे त्याच. प्रेमानंद बिचारा चांगला होता, पण कळमन्यातून आला की खुर्चीत बसायचा. आत्तासुद्धा ती त्यांच्यासाठी भरत होती असं नाही, तिला स्वतःला उकडत होतं. तरी बाई शेवटचा मग पडेपर्यंत ऐकत राहिल्या.

कूलर सुरू झाला. घरघरला, मग वाळ्याच्या ओल्या वासाची झुळूक मधल्या दारातून आत आली. सिंधूताईने दार पूर्ण उघडं ठेवलं होतं, मागच्या खोलीपर्यंत हवा जावी म्हणून, किंवा विसरून. वाऱ्यासोबत पाणीही आलं. उंबरठ्यावरून सांडलेल्या पाण्याचा एक ओघळ सकाळीच पुसलेल्या फरशीवरून चटईकडे सरकत होता. आता उठून फडकं आणायला हवं, बाईंच्या मनात आलं. फडकं मोरीपाशी होतं.

पुसंल तीच, त्यांनी मनात म्हटलं, चटई थोडी भिंतीकडे ओढून घेतली, आणि कुशीवर वळून झोपल्या.